फ्लेक्स, दहा बाय वीस

सातपूरच्या गाळ्यात रात्री मशीन घरघरतं.
प्रभाग तेवीस. जोडलेले हात, तेच हसू,
फक्त नाव बदलायचं.

शर्वाणी मागे स्टुलावर, मोबाईलमध्ये
जपानी पोरी: गुलाबी केस, हातात माईक,
गाण्यात जिंकली की थेट मंत्रिपद.
हरलेली वाकून रडते,
पुढच्या भागात पुन्हा तालमीला येते.

"बाबा, तुमचे हे काका गातात का?"
"स्पीकर भाड्याने आणतात."

पहाटे द्वारकेला शिडीवर चढलो, दोऱ्या आवळल्या,
तेव्हा दिसली:
काकांच्या कोपराखाली, शुभेच्छुकांच्या रांगेत शेवटची,
बोटभर, गुलाबी केसांची.
खाली नाव नाही. पद: रियाज चालू.

मी गाठ मारली.
उतरताना एकदा वर बघितलं.
अख्ख्या फ्लेक्सवर
हात न जोडलेली ती एकटीच.