सातवी टेकडी

नऊला हॉटेलच्या पायरीवर भेटायचं ठरलं होतं.
ती पावणेनऊलाच उभी, एकटी,
सपाट बूट, हातात छत्री, आभाळ निरभ्र.
नोंदणीत फक्त आडनाव, आणि गाव : बुर्सा.
चार तास, एक पाहुणी.
गाडी नको म्हणाली, पायीच.

मी नेहमीच्या वाक्याने सुरुवात केली :
प्लोव्दिव्ह हे सात टेकड्यांचं शहर,
मोजल्या तर सहा भरतात.
सातवी आम्ही फोडली, तिचे दगड रस्त्यांना घातले.
म्हणजे ती कुठे गेलेली नाही,
आडवी झालीय एवढंच,
आत्ता तुम्ही तिच्यावरच उभ्या आहात.

इथे पाहुणे हसतात.
तिने पाय जरा बाजूला घेतला,
झोपलेल्या माणसाला लागू नये तसा.

मग रोमन थिएटर.
संगमरवरी बाकांवर कोरलेली नावं दाखवली :
कुठल्या वस्तीने कुठे बसायचं.
ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.
ग्रीक येतं का, मी विचारलं.
नाही म्हणाली, खोली बघतेय.

मोठ्या रस्त्यावर, कपड्यांच्या दुकानांखाली,
स्टेडियमचं एक टोक उघडं आहे.
बाकीचं अजून खालीच.
धावपटू निघालेत, पोचलेले नाहीत,
मधे चपलांचा सेल लागला, मी म्हणतो.
हा विनोद माझा स्वतःचा आहे.

शेजारी मशीद. तिने बूट काढले,
आत गेली, लवकर आली.
मी बाहेर शहराची नावं मनात घोळवत होतो,
पुल्पुदेवा, फिलिपोपोलिस, त्रिमोन्तियम, फिलिबे,
तीच मग तिला मोठ्याने ऐकवली,
आणि वर जोडलं : ज्याच्या हाती गड,
त्याच्या हाती बारसं.

‘शहराला विचारलं होतं का कुणी?’
तिने इंग्रजीत विचारलं, बुटाची नाडी बांधत.

उत्तर नव्हतं, म्हणून मी कॉफीचं विचारलं.
तिने मान हलवली. आडवी.
आणि उठून कॉफीच्या दिशेने चालू लागली.

आमच्याकडे होकार आडवा असतो, नकार उभा.
परदेशी माणूस पहिल्या दिवशी हमखास फसतो,
दुसऱ्या दिवशी ठरवून करतो, मग अवघडतो.
वीस वर्षांत एकाही पाहुण्याला
हे बेमालूम जमलेलं मी पाहिलं नाही.
शिकून येत नाही ते. मानेतच असावं लागतं.

आठवीचा वर्ग. पंचाऐंशीचा जानेवारी.
बाईंनी नवा हजेरीपट उघडला,
वाचलं : नेव्हेना.
कुणीच उठलं नाही.
पुन्हा वाचलं : नेव्हेना.
तिसऱ्या बाकावरची नेव्रिये उठली
आणि हजर म्हणाली, पेन्सिलीच्या टोकाकडे बघत.
पहिलं अक्षर तेवढं शिल्लक ठेवलं होतं कुणीतरी,
मेहेरबानी म्हणून.
मी खिडकीबाहेर बघत होतो.
बर्फ चांगलं पडत होतं त्या दिवशी.

चार वर्षांनी, भर उन्हाळ्यात,
त्यांच्या गाडीच्या टपावर गाद्या, शिलाई मशीन,
आणि दारात आमची सगळी गल्ली,
निरोपाला नाही, बघायला.

ही ती नव्हे.
ही उंच आहे, हनुवटी वेगळी आहे.
कॉफी येईपर्यंत मी हेच ठरवत होतो.

शेवटी बॅसिलिकाची फरशी,
दीड हजार वर्षांपूर्वी रंगीत खड्यांतून जमवलेले पक्षी.
शंभराच्या वर आहेत, मी म्हटलं,
आणि पुढचं पाठ असलेलं सगळं विसरलो.
ती वाकून एकेकाला पाहत होती,
गावाहून आलेल्या नातलगांत
आपलं माणूस शोधावं तशी.

चार तास भरले.
मी घड्याळाकडे पाहिलेलं तिने पाहिलं.
‘तुमच्या यादीत नसलेली एक गल्ली आहे,’
ती म्हणाली. आमच्या भाषेत,
‘र’ जरा जड, पण आमच्याच.
‘वेळ आहे का?’

दोनला दुसरे पाहुणे होते, जर्मन, पाच जण,
वक्तशीर असणार.

मी मान हलवली.
आडवी.