निमित्त

वख्श नदी अडवली त्या साली
ओयनिसो एकोणीस वर्षांची होती.
नुरेकच्या वरच्या टेकडीवर, एका खोलीत
तिला नोकरी लागली, कागद बदलायची.
ढोलावर गुंडाळलेला काजळी धरलेला कागद,
त्यावर ओरखडे काढणारी सुई
आणि एक वही, दोन रकान्यांची:
डावीकडे पाण्याची उंची, उजवीकडे धक्के.

इथली जमीन तशी पूर्वीपासूनच चुळबुळी,
तरी पहिल्या उन्हाळ्यात उजवा रकाना बराचसा मोकळा.
मग बर्फ वितळलं, पाणी शंभर मीटर चढलं
आणि सुई झोपेत बरळायला लागली.

बहुतेक धक्के कोणाच्या गावीही नसत.
एखादा प्यालीतल्या हिरव्या चहावर वळं उमटवून जाई.
बाजारात शोदिमोन खरबुजं थोपटत विचारायचा,
"किती गं आज?"
"सात."
"पिकलेली की कच्ची?"

मॉस्कोचा साहेब आकडे चाळत म्हणाला,
गंमत बघ, पाणी चढत असताना नाही,
चढता चढता मध्येच थबकलं, की हलतं.

ओयनिसोला गंमत वाटली नाही.
गाव उठवलं तेव्हा आई रडली नव्हती.
गाठोडी बांधली, कोंबड्या मोजल्या,
तंदूरमधली राख काढून तो स्वच्छ पुसला,
बुडणार होता तरी.
नव्या घरात शेवटचं पातेलं फळीवर ठेवलं,
हात रिकामे झाले,
आणि मग रात्रभर थरथरत राहिली.

"हे धरणानंच केलं ना?" वडिलांनी साहेबाला विचारलंच.
साहेब समजावत बसला:
भेग फार जुनी आहे,
डोंगर युगानुयुगं दात आवळून बसलेले,
पाणी फटीत झिरपतं, वरून भार पडतो,
जबडा जरा सैल होतो, इतकंच.
धरण हे कारण नाही. निमित्त.

वडिलांनी चहावर फुंकर घातली.
"तीनशे मीटर उंचीचं निमित्त," म्हणाले,
आणि जर्दाळूची बशी त्याच्याकडे सरकवली.

आता सुई नाही, ढोल नाही,
आकडे आपोआप कुठंतरी जातात.
जुनी वही मात्र ओयनिसोकडे आहे.
त्यात गाव उठल्या दिवसाची ओळ अशी:
डावीकडे पाण्याची उंची, नेहमीसारखी, दशांशापर्यंत.
उजवीकडे बारीक अक्षरात,
एक. घरात. पहाटेपर्यंत.
सुईला कळला नाही.