तिसरा रकाना

मुर्ताझच्या छातीवर पाच बटणं मीच चिकटवली,
आधी पांढरे केस भादरून, स्पिरिटने पीठ पुसून.
पीठ निघता निघत नव्हतं. तीस वर्षांचं.
कमरेला यंत्र बांधलं, हातात कागद दिला:
वेळ. काय करत होतात. काय जाणवलं.
"खरं लिही," म्हटलं.
"एतेरी, मी काय शाळेत आहे?" म्हणाला
आणि हसला. तेही हसू उसनं,
बाकी सगळ्यासारखं.

आज कुताइसीवर ढग उतरलेत, रिओनीचं पाणी मातकट,
आणि मी त्याचे चोवीस तास पडद्यावर उलगडून बसले आहे.

पहाटे चार. कणीक मळली. काही नाही.
पाच वीस. भट्टीत वाकून पाव लावले. काही नाही.
इथे रेघ विस्कटते, पण तो हृदयाचा दोष नाही.
माणूस कमरेपर्यंत आगीत उतरला
की घामाने बटणं सुटू लागतात, एवढंच.
असली खोटी वादळं मला ओळखता येतात.

पण दहा चाळीसला तो लिहितो: चहा प्यायलो.
कसला चहा, मुर्ताझ?
एकशे बत्तीस.
मग एक ठोका वेळेआधीच,
मग खाडा,
मग दारावर लाथ बसावी तसा पुढचा.
काल दहा तारीख होती. बँकेचा फोन आला असणार.
हप्ता चुकला की नाही, मला माहीत नाही.
ठोका चुकलेला मी पाहिला.

साडेबारा. बारीला फोन केला. बायकोला सांगितलं, मजेत आहे.
नारगिझा तिकडे एका इटालियन म्हातारीची कूस बदलते,
आणि दर महिन्याला पैसे पाठवते, नव्या भट्टीसाठी.
भट्टी जुनीच आहे.
पैसे जातात मेहुण्याच्या बुडालेल्या ट्रकला.
मुर्ताझ जामीन राहिला होता, एका जेवणावळीत,
सातव्या पेल्यानंतर,
सगळे उभे राहून एकमेकांच्या आरोग्यासाठी
शिंगं उंचावत होते तेव्हा.
"मजेत" या शब्दापाशी रेघ चढते
आणि आठ मिनिटं उतरत नाही.

अकरा ते दोन. झोपलो. काही नाही.
झोपलेला माणूस एवढा धावत नाही रे.
डोळे मिटून बेरीज करणारा धावतो.

आणि मग दोन दहाला
अचानक साठ. एकसष्ट. साठ.
शांत, सरळ, शाळकरी पोराच्या काळजासारखं,
दीड तास.
कागदावर त्या वेळेपुढे काहीच नाही,
"काही नाही"सुद्धा नाही.
यंत्र परत द्यायला आला तेव्हा विचारलं.
म्हणाला, "गल्लीतली वीज गेली होती.
फोनही मेला होता."
जरा थांबला.
"वाटलं, आता मी कुणाला सापडत नाही."

डॉक्टरांकडे उद्या पहिलाच नंबर लावलाय त्याचा.
रेघ काय म्हणते, ते त्याने विचारलं नाही.
विचारलं, "याचे किती?
दोन हप्त्यांत चालेल?"

त्याच्या भट्टीशेजारी खिळ्याला एक वही लटकते,
सगळ्या गल्लीची उधारी.
बारावं पान माझं आहे.
सप्टेंबरपासून बेचाळीस पाव.
त्याने कधी शब्द काढला नाही,
आणि मीही, रोज दुसऱ्यांची हृदयं वाचणारी,
त्या वहीकडे पाठ करून गरम पाव काखेत घेत आले.

संध्याकाळी गेले. त्रेसष्ट लारी फळीवर ठेवल्या.
त्याने हात एप्रनला पुसले, नोटा दोनदा मोजल्या,
माझ्या नावावर आडवी रेघ मारली
आणि एक श्वास सोडला, लांब,
खांद्यांपासून खाली.
यंत्र माझ्या पिशवीत होतं, बंद.
त्या मिनिटाची नोंद कुठेच नाही.

मग भट्टीतून काढलेला एक पाव त्याने पुढे केला.
मी तो घेतला,
आणि सवयीने त्याचा हात
पेन्सिलीकडे गेला.