उचल

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या शेडमध्ये
छत्तीस माग एकदम चालतात तेव्हा
माणसं ओठ वाचून बोलतात.
अकरा वर्षांत मी तेवढं शिकले :
कोण "कांडी संपली" म्हणतंय,
कोण "घरी जाऊ का."
म्हणूनच असेल, मला वाटायचं
मला सगळ्यांचं सगळं ऐकू येतं.

श्रीहरी कोडम मला अक्का म्हणायचा.
पहिली उचल ऑफिसातून दिली, वहीत सही घेऊन.
दुसरी माझ्या पर्समधून, वही न काढता.
तिसऱ्या वेळी त्यानं मागितलीही नाही,
नुसता दारात उभा राहिला घाम पुसत,
माझाच हात चेनकडे गेला.

मग फोन.
साडेदहाला, अकराला, एकदा पावणेबाराला.
बायको माहेरी गेली अक्का,
भाऊ वाटणी मागतोय अक्का,
झोपच येईना अक्का.
मी उचलत राहिले.
पलीकडच्या खाटेवर माझा मुलगा
गणिताच्या वहीवर डोकं ठेवून झोपलेला,
उदाहरण अर्धं.

सोमवारी श्रीहरी आला नाही, मंगळवारी आला नाही.
हजेरीत मी पेन्सिलनं टिंब दिलं,
खाडा लिहायला हात धजेना.
त्याचे माग रेणुका चिलवेरीनं ओढले,
स्वतःचे सांभाळून.
जिनं कधी काही मागितलं नाही, ती रेणुका.
शनिवारी पगाराला एवढंच म्हणाली,
"मॅडम, टिंबाचे पैसे कुणाला मिळतात?"

भांडली असती तर बरं होतं.

त्या रात्री भाकरी थापताना
मोठ्यानं बोलून पाहिलं.
"श्रीहरी, हे बघ…" फार कडक.
"श्रीहरी, तुझं सगळं मला कळतं…" खोटं.
भाकरी करपली.
दुसऱ्या दिवशी कँटीनमागं, टाकीच्या सावलीत
तोंडाला आलं ते बोलले :
दवाखाना असेल तर रात्री दोनलाही कर,
लागोपाठ दोनदा कर, म्हणजे मला कळेल.
बाकी सगळं सकाळी साडेआठला, ऑफिसात.
पैसे वहीतून, जसे सगळ्यांना.
घरचं ऐकून घेईन.
सोडवणार नाही. मला येत नाही ते.

तो चपलेनं जमिनीवरचा एक धागा घासत राहिला.
"बरं की ओ, मॅडम."

मॅडम.
शेडमध्ये सगळेच म्हणतात.
त्याच्या तोंडून तो शब्द निघाला
कोऱ्या टॉवेलसारखा,
पाणी न टिपणारा.

त्याच आठवड्यात पाटीवर खडूनं लिहिलं,
'पाण्याच्या दिवशी तासभर उशीर माफ. सर्वांना.'
चार दिवसांनी नळ येतो आमच्याकडे,
आणि ही सवलत आजवर मी
कानाशी येऊन विचारणाऱ्यालाच देत होते.
रेणुकानं पाटी वाचली, परत वाचली,
पदराला हात पुसून मागाकडे गेली.
टिंबं खोडून मी खाडे लिहिले,
दोन दिवसांचा फरक तिला दिला.
उशिरा दिला.

मग एक रात्र. नऊ चाळीस.
टेबलावर फोन थरथरला, श्रीहरी.
मी पालथा ठेवला.
"उचलत नाहीस?" मुलगा.
तू पुढचं सोडव, म्हटलं.
त्याला शेकडेवारी समजावत होते
आणि कान दुसऱ्या रिंगकडे.
ती वाजली नाही.
तरी बारापर्यंत पंख्याकडे बघत
दवाखाना नसेल ना, दवाखाना नसेल.

सकाळी साडेआठला तो दारात,
हातात वहीचं फाडलेलं पान.
रजेचा अर्ज. मराठी अक्षरं तेलुगू वळणाची, गोल गोल,
'विनंती'ची वेलांटी चुकलेली.
वाटणीच्या कामाला दोन दिवस, तारखांसकट.
मी सही केली.
तो वळला, तेव्हा विचारलं,
"रात्री फोन केला होतास?"

तेवढ्यात माग सुरू झाले.
त्याचे ओठ हलले.
"चुकून लागला" म्हणाला असेल,
किंवा "चुकलं, अक्का."
अकरा वर्षांत पहिल्यांदा
मला वाचता आलं नाही.