शेरा

नगरपालिकेच्या कोंडवाड्याची वही.
पूर उतरल्यावर तळघरातून वर आणली
तेव्हा पंचगंगेचा गाळ हिच्या पोटात होता
आणि एक बेडूक, मेलेला, चपटा,
सत्तेचाळिसाव्या पानावर खूण ठेवल्यासारखा.

तीन महिने पंख्याखाली वाळली.
शमशू बारगीर खळ शिजवतो, मोरचूद घालतो.
चहाचं पातेलं वेगळं, हे वेगळं,
तरी नवा माणूस कप हातात घेऊन थबकतोच.
मी पातळ कागद फाडते, कापत नाही.
फाटक्या कडेला फाटकीच कड धरते.

मोडी, घाईची. कुठं हात उचललेलाच नाही,
म्हशी दारात ओरडत असणार.
'म्हैस एक. डावे शिंग मोडके. कपाळी चांद.
रंकाळ्याच्या बांधावर मोकाट.
दंड चार आणे. मालकीण गोदू लोणार, विधवा.
ऐपत नाही म्हणते.'
दुसऱ्या दिवशी: वैरण दोन पेंढ्या.
तिसऱ्या दिवशी: वैरण दोन पेंढ्या.
असे अकरा दिवस.
बाराव्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात,
'दंड वसूल. म्हैस सोडली.'
भरला कुणी, ते नाही.

मी पगारपत्रकाचा रुमाल सोडला.
कारकुनानं उचल घेतली होती का, बघायला.
नेमकं त्या महिन्याचं पान कसरीनं खाल्लेलं,
चार आण्यांएवढं भोक
आणि त्यातून खालचा महिना दिसतोय.

आता यादी पुण्याला जायचीय. जुन्या नियमानं
ही वही 'ड' वर्ग: एक वर्षानंतर नष्ट करावी.
शंभर वर्षं कुणाच्या ते लक्षात आलं नाही
की कुणी लक्षात येऊ दिलं नाही,
त्याचीही कुठं नोंद नाही.

"असू दे की ओ मॅडम," शमशू म्हणाला,
"वैरण मागतीया व्हय ती?"

मागत नाही. पण कपाट मागते, डांबरगोळ्या मागते,
पावसाळ्यात वरचा मजला मागते,
आणि साहेबांना उत्तर.
'ड' खोडून मी 'अ' केला. कायम.
कारणाच्या रकान्यात लिहिलं:
पान सत्तेचाळीस पाहावे.

शमशूनं लाल रुमालात वही घेतली,
चारी टोकं जुळवली आणि गाठ मारली,
दाव्याला मारतात तशी,
एक टोक ओढलं की सुटणारी.