किटलीचा ओळंबा

नाथसागराच्या फुगवट्यात, पैठणपासून बरंच वर,
सखाहरीची होडी एका कुशीवर चालते.
शीड म्हणजे मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स.
वारा भरला की उमेदवाराचा डावा गाल फुगतो
आणि 'हार्दिक शुभेच्छा'मधलं
फक्त 'हार्दिक' वाचता येतं.

मी सोसायटीचा कारकून.
पल्याडच्या थडीला जाळी मोजायला निघालेला,
मांडीवर रजिस्टर, रजिस्टरवर दोन्ही हात.
समोर, दोन फळ्यांच्या बेचक्यात,
सोजरबाईचं स्वयंपाकघर:
सायकलच्या तीन जुन्या चेनींवर टांगलेला
तेलाचा कापलेला डबा,
डब्यात वीतभर वाळू, वाळूत रुतवलेला स्टोव्ह,
स्टोव्हवर तारेनं जखडलेली किटली.
अख्खी चूलच अधांतरी.

होडी कलली.
माझं पोट डावीकडे गेलं, चपला गेल्या,
मिठाची बरणी गेली,
दोरीला बांधलेली म्हणून परत आली.
किटली तेवढी जागच्या जागी,
गवंड्याच्या ओळंब्यासारखी.
तिरकं झालं ते धरण,
तिरकी झाली ती पल्याडची बाभळ,
आणि मी.

"कप असा न्हाई धरायचा, साहेब."
मी धरला होता तलाठ्यानं शिक्का धरावा तसा.
"घट्ट धरलं की सांडतंच.
मनगट सोडा ढिलं. कपात नका बघू, लांब बघा.
आन् भरून कामून मागता?
अर्धा प्या. मग अर्धा प्या."
कप ठेवायचा तर ओल्या पोत्यावर,
तिथं तो गोचिडासारखा चिकटून बसतो.
साखर किटलीतच. चमचा होडीवर नाही,
कधी नव्हताच.

कुणी शिकवलं, विचारलं.
सुकाणूवरून सखाहरी म्हणाला, मी न्हाई बुवा,
मी तर बाटलीतनंच पितो.

मग ती थोडं बोलली, स्टोव्हला पंप मारता मारता.
माहेर आष्टीकडच्या माळावर.
टँकर तिसऱ्या दिवशी, तोही फाट्यापर्यंतच.
फाटा ते घर मधे ओढा,
पाणी नसलेला, नुसते गोटे.
डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी,
वरच्या हंड्यात पळसाचं एक पान,
लाट मोडायला.
घरी पोचलं की आई हंड्यात बघायची नाही,
पाठीमागे जाऊन पाठ बघायची.
पाठ ओली असली
तर दिवसभर बोलायची नाही.
"सोळाव्या वर्षी पाठ कोरडी यायला लागली.
सतराव्या वर्षी हितं दिली.
हितं तर समदं पाणीच."

किटलीचं झाकण तिनं उचललं.
उकळत्या चहावर गवती चहाचं
एक लांब पातं आडवं पडलेलं.
मला वाटलं होतं, चवीसाठी.

पुढे मोकळ्या पाण्यात वारा उलटा फिरला.
उमेदवाराचा गाल आत गेला, पुन्हा बाहेर आला,
सखाहरीनं एक शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही,
एक लाट कडेवरून आत येऊन
माझ्या गुडघ्यांवर बसली.
सोजरबाई उकिडवी, हातात दोन कप,
खांदे होडीबरोबर हलत होते,
मान हलत होती,
कपातली साय
हलली नाही.

पल्याड उतरलो. सिमेंटचा धक्का, ठणठणीत.
"घ्या आता भरून," म्हणत तिनं
पहिल्यांदाच काठोकाठ कप दिला.
पायांतली होडी अजून थांबलेली नव्हती.
मी रजिस्टर उघडलं, जाळी, नग, असं लिहिलं,
आणि कुणीही धक्का न देता, वारा नसताना,
सगळा चहा छातीवरून खाली
नगांच्या रकान्यापर्यंत.

सोजरबाईनं कपाकडे पाहिलं नाही.
माझ्या सदऱ्याकडे पाहिलं,
काहीच बोलली नाही,
आणि वळून डब्यातली वाळू
हातानं सारखी करू लागली.