लाल धूळ

बटण दाबून मी विहिरीकडे जातो,
पंप लावतो,
टाकी भरते, भरून वाहते,
सुमित्राबाय कुंपणावरून ओरडते, उदक व्हांवता मरे!
तेव्हा कुठे पडद्यावरचं ते गोल फिरायचं थांबतं.

खाण बंद झाली त्या वर्षी
कंपनीने शेवटच्या पगाराऐवजी जे काय दिलं
त्यातला हा लॅपटॉप.
खुर्ची वेगळी. तिचं एक चाक तेव्हाच नव्हतं.

हेमांगीला बचत गटाचा हिशेब टाकायचाय,
किती सोलं, किती फणसाचे पापड, कुणाचे किती.
ती म्हणते, मी वहीत लिहून, बेरीज करून, चहा पिऊन मोकळी होते
आणि तुमचा हा अजून सुस्वागतमच म्हणतोय.

भाचा वेदांग पुण्याहून फोनवर:
मामा, टास्क मॅनेजर उघडा, कोण किती खातंय बघा.
बघितलं.
तीन अँटिव्हायरस एकाच उंबऱ्यावर
देवळाच्या भांडलेल्या महाजनांसारखे,
चोर राहिला बाजूला, नजर एकमेकांवर.
दोघांना काढलं. हा ढिम्म.
मामा, टेम्प फाईल्स उडवा. उडवल्या.
मामा, नवा घ्या.
मी रेंज गेल्यासारखं केलं.

मग पडवीत जुना पेपर पसरून
चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरने अकरा स्क्रू काढले.
फणस फोडण्याआधी लावतो तसं
बोटांना खोबरेल लावावंसं वाटलं, सवयीने.
आत मुंग्यांचं बिऱ्हाड,
तोंडात अंडी धरून सैरावैरा पळाल्या,
आणि पंख्यामागे धूळ.
साधी नव्हे. लाल.
बोटाला लागली तशी रेषांत शिरून बसली.

हीच ती.
सुर्लच्या काट्यावर नऊ वर्षं
डब्यातल्या भातासोबत खाल्लेली,
पावत्यांवरून फुंकलेली,
समईवरून पुसता पुसता हेमांगीने शिव्या घातलेली.
रस्त्यावरून कधीच गेली ती. झाडंसुद्धा हिरवी झाली.
लोक म्हणतात, बरं झालं.
झालंच बरं.
अर्धी काडेपेटी भरेल एवढी निघाली.

परत जोडला. एक स्क्रू उरला.
वेळ तेवढाच.

रात्री यादीच्या तळाशी दिसलं,
चालू होताच आपसूक जागे होणाऱ्यांत:
वजनकाटा.
म्हणजे रोज सकाळी हा
पोर्ट नंबर एकला हाक मारत होता,
गाडी काट्यावर आहे का?
उत्तर नाही.
तीस सेकंद थांबून परत, गाडी काट्यावर आहे का?
दहा वेळा.
मग नाइलाजाने मला आत घेत होता.

पोर्ट नंबर एकमध्ये टॉर्च मारून बघितलं.
एक मुंगीचं अंडं.

फोल्डरात गाड्या तशाच उभ्या:
टोपलेची, गांवसाची, माजिक भावांच्या दोन,
नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन.
रिकामं वजन कुणाचंच शून्य नसायचं.
माजिकाच्या थोरल्याचं तर मला पाठ होतं,
अजून आहे.

वेदांगला विचारलं नाही.
काढून टाकलं नाही, नुसतं निष्क्रिय केलं.
फरक आहे, बँकेतल्या खात्याचा असतो तसा.

आज बटण दाबलं, निघालो,
एक चप्पल पायात, दुसरी शोधतोय
तोच मागे तो सूर वाजला, चालू झाल्याचा.
हेमांगी बसलीसुद्धा,
अहो, शुभदाचे पापड किती धरू?

टाकी अर्ध्यावर.
सुमित्राबाय कुंपणाशी येऊन उभी,
ओरडायला काही नाही,
नुसती बघतेय.

पुडी खिडकीत आहे, स्क्रूसकट.
टाकतो म्हणालोय.